सगळं आहे घरात, तरी कोणी खूष का नाही?

रामबागकर:
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, आधी रामबागेत वाड्यात दोन खोल्या, आता बायपासजवळ थ्री बीएचके, खाली दोन गाड्या, दोघांचे पगार बरे. ईएमआय जातोय पण तंगी अशी नाही. डायनिंग टेबल घेतलं सहा खुर्च्यांचं, त्यातल्या चारांवर कायम इस्त्रीचे कपडे, बाबा साडेसातला जेवून मोकळे, मुलगा ताट घेऊन रूममधे, बायको लॅपटॉपवर मीटिंगमधे. वाड्यात कसं रात्री सगळे अंगणात बसायचे, हसायचे. भांडण नाही, आजारपण नाही, पण कोणी खूष आहे असंही नाही. परवा समोरच्यांनी नवी एसयूव्ही घेतली म्हणून पेढे दिले, तो पेढा मला गोडच लागेना हो. हे सगळ्यांचंच होतं का आमचंच काहीतरी बिनसलंय?

गणिताचा_मास्तर:
तुमच्या पेढ्यावर अर्थशास्त्रात पन्नास वर्षं वाद चालू आहे. रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७४ ला मांडलं की एकाच देशात श्रीमंत लोक गरिबांपेक्षा सुखी असल्याचं सांगतात, पण महायुद्धानंतर अख्ख्या अमेरिकेची कमाई वाढली तरी सुखाचा आकडा काही तसा वर सरकला नाही. माणूस आपली मिळकत शेजाऱ्याच्या मिळकतीला लावून बघतो, सगळ्यांचीच वाढली की कोणालाच वाढल्यासारखी वाटत नाही. हे सगळ्यांना मान्य नाही, २००८ मधे स्टीव्हनसन आणि वुल्फर्स या अर्थतज्ज्ञांनी पुष्कळ देशांचे आकडे काढून सांगितलं की पैशाबरोबर समाधान वाढतं. मला ईस्टरलिनच पटतो. इन्क्रिमेंटचं लेटर हातात पडलं की आपण आधी बाजूच्या डेस्कवाल्याला किती मिळाले ते काढून घेतो की नाही? आणि पूर्वी बरोबरी वाड्यातल्या चार बिऱ्हाडांशी होती, आता इन्स्टावर दुबईच्या मावसभावाशी.

मालवी_मिरची:
रामबागकर दादा, राग मानू नका, पण वाड्याचं कौतुक पुरुषांनाच फार. इंदूरला नर्मदेचं पाणी आलं १९७८ ला, तेही लोकांनी आंदोलन केलं तेव्हा. त्याआधीचं आमच्या सासूबाईंना विचारा, पहाटे उठून हंडे भरायचे, संडास सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक, रात्री तुम्ही अंगणात हसत होतात तेव्हा त्या मोरीत भांडी घासत होत्या. त्या म्हणतात मला माझी खोली आणि वॉशिंग मशीन राहू द्या, अंगण तुम्हाला लखलाभ. आणि त्या खुर्च्यांवरच्या कपड्यांच्या घड्या कोणी करायच्या असतात तेही लिहा ना, वहिनी तर मीटिंगमधे आहेत.

मिलवाल्याचा_मुलगा:
समृद्धी कोणाची हेपण बघा भिया. आपल्या इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९१ ला बंद झाली आणि कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागला डिसेंबर २०२३ मधे, तोवर कितीतरी जण वर गेले, पैसे बायकापोरांच्या हातात. मधली वर्षं कोणी रिक्षा चालवली कोणी चौकीदारी केली. त्यांच्या घरी कोणी नाराज असेल तर त्याचं कारण विचारायला इथे यायची गरज पडत नाही.

गणिताचा_मास्तर:
@मिलवाल्याचा_मुलगा बरोबर बोललात. कानेमन आणि डीटन या दोन अभ्यासकांचं २०१० चं काम आहे, त्यात दिसलं की हातात पैसा कमी असला की आजारपण, घटस्फोट, एकटेपणा हेसुद्धा जास्त बोचतं. दुखणं तेच, पण पैसेवाला चांगल्या डॉक्टरकडे जातो आणि गरीब रजा मागताना घाबरतो. पेढा कडू लागणं ही त्यापुढे चैनच म्हणायची, पण लागतो हे खरं आहे.

सराफ्यातला_उल्लू:
एवढं टेन्शन कशाला घेताय, आपल्या एमपीत २०१६ ला सरकारने चक्क आनंद विभाग काढला, देशात पहिला. रामबागकर, अर्ज टाका, सोबत समोरच्याच्या एसयूव्हीचा फोटो जोडा. फक्त तीन प्रतींत मागितला तर आमच्या नावाने खडे फोडू नका.