फाट्याच्या टोकाचं स्टेशन
वर एकाने विचारलंय, मेट्रोच्या मूळ मार्गातून फुटलेल्या फाट्याच्या शेवटच्या स्टेशनवर गाड्या इतक्या वेळाने का येतात? जायचे-यायचे असे दोन्ही रूळ तर आहेत. खरी गोम जिथून फाटा फुटतो तिथे आहे. दिल्ली मेट्रोची ब्लू लाइन बघा. द्वारकेकडून येणाऱ्या गाड्या यमुना बँकपासून नोएडा आणि वैशाली अशा वाटल्या जातात. मूळ मार्गावर मावतात तेवढ्याच गाड्या दोघांत, मग टोकाच्या प्रवाशाला थांबणं आलंच.

दुसरं कारण गाडी उलटी फिरवण्याचं. स्टेशन खांबांवर असलं की पुढे जादा रूळ काढायला आणखी पूल बांधावा लागतो. तो नसेल तर गाडी फलाटाआधीच रूळ बदलते, आणि तेवढा वेळ मागची बाहेर खोळंबते. चालक एका टोकाची केबिन बंद करून बॅग खांद्याला लावतो, आठ डब्यांची लांबी झपाझप चालत दुसऱ्या टोकाला जातो. तोवर लोक आत बसलेलेही असतात. म्हणून मला वाटतं, पुढच्या विस्ताराची वाट न बघता शेपटीचे रूळ, म्हणजे स्टेशनच्या पुढचे हे जादा रूळ, पहिल्याच टप्प्यात बांधायला हवेत.