मदत हवी आहे: मत्स्यशेतीचा वाटा ५१ टक्के की ५९?

घाईत: जागतिक अन्नसुरक्षेवरच्या टिपणात 'निम्म्याहून जास्त मासळी आता शेतीतून येते' असं वाक्य टाकायचंय. एकीकडे ५१ टक्के दिलंय, दुसरीकडे ५९. दोन्हीकडे नाव एफएओचंच (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना). कुठला घेऊ? शिवाय एकूण उत्पादनाला लोकसंख्येने भागलं की माणशी २८ किलो येतात, अहवालात मात्र २०.७. आज रात्री द्यायचंय. तत्त्वज्ञान नको, प्लीज.

आकडेमोडे: अहवाल कुठल्या वर्षाचा? 'एकूण'मध्ये शैवाल धरलंय का?

घाईत: २०२४चा, आकडे २०२२चे. एकूण म्हणजे एकूण, २२.३ कोटी टन. शैवाल कुठून आलं मधेच? मी माशांचं विचारतोय.

काचेचीटाकी: मासे पाळणार असाल तर आधी काही आठवडे टाकी नुसत्या फिल्टरवर चालवा. पहिल्याच दिवशी मासे सोडले की अमोनियाने मरतात.

आकडेमोडे: (टाकीवाले, धागा वाचा हो.)
घाईत, घोळ शैवालाचाच आहे. तुमच्या २२.३ कोटीत ३.७८ कोटी टन शैवाल बसलंय. ते काढा, उरतात १८.५४ कोटी टन प्राणी: मासे, कोळंबी, शिंपले वगैरे. त्यातले ९.४४ कोटी शेतीतले, म्हणजे ५१ टक्के. शैवाल जवळजवळ सगळं लागवडीचंच असतं, म्हणून ते धरलं की वाटा ५९वर चढतो. तुमच्या वाक्यात 'मासळी' आहे, तेव्हा ५१.

हिरवीलाट: शैवाल 'काढा' काय! जमीन नको, गोडं पाणी नको, खाद्य नको. उद्याचं अन्न तेच आहे.

जाळंवाली: आलं परत शैवाल. केल्प या समुद्री शैवालाच्या काही जातींत आयोडीन इतकं असतं की रोज खाल्लं तर थायरॉइडचं दुखणं मागे लागेल. ते पण लिहीत जा कधीतरी.

घाईत: माणशी आकड्याचं कुणी सांगणार आहे का?

आकडेमोडे: सगळे प्राणीही ताटात जात नाहीत. २ कोटी टनांहून थोडं जास्त इतर कामांना जातं, त्यातलं बहुतेक फिशमील (खाद्यात घालायची माशांची पूड) आणि तेलासाठी. उरलेले साधारण १६.५ कोटी टन भागिले लोकसंख्या, झाले २०.७ किलो. आणि हे जिवंत वजन आहे, डोकं, काटे, कवच सगळं धरून. 'माणूस २०.७ किलो मासे खातो' असं लिहू नका, पोटात जातं त्याहून बरंच कमी.

जाळंवाली: फिशमीलचं निघालंच आहे तर सांगते. 'शेती वाढली म्हणून समुद्रावरचा ताण गेला' असं वाक्य पुढे जोडू नका. पेरूच्या किनाऱ्यावरचा अँकोव्हेटा दळून सामन आणि कोळंबीला घालतात. माणसाला खाता येणारा मासा आहे तो.

तळ्याकाठी: सरसकट नाही हं. कार्पला फिशमील फार थोडं लागतं आणि शिंपल्यांना तर खाद्यच घालावं लागत नाही, पाणी गाळून त्यातलं प्लवक खातात. सामनच्या नावाने सगळ्या शेतीला झोडपणं बास.

जाळंवाली: मग समुद्रातल्या ३७.७ टक्के साठ्यांवर (साठा म्हणजे एका भागातला एका जातीच्या माशांचा समूह) २०२१मध्ये अतिमासेमारी चालू होती ते कुणामुळे?

आकडेमोडे: तो आकडा साठ्यांच्या संख्येवरचा आहे. वजनाने मोजलं तर पकडलेल्या मासळीतली सुमारे ७७ टक्के शाश्वत साठ्यांतून येते. मोठे साठे तुलनेने बरे सांभाळलेत.

जाळंवाली: म्हणजे छोटे गेले खड्ड्यात.

मोलाताई: सगळे टनांवरच भांडताय. घाईत, टिपण पोषणाबद्दलही असेल तर मोला बघा. बांगलादेशातला बोटाएवढा मासा. कार्पच्या तळ्यांतून त्याला तण समजून विष घालून मारायचे. पोषणतज्ज्ञ शकुंतला थिल्स्टेड यांच्या कामातून दिसलं की त्यात अ जीवनसत्त्व भरपूर आहे, आणि त्यातलं बरंचसं डोळ्यांत आणि आतड्यांच्या भागात. डोकं उडवून, पोट साफ करून शिजवला की तेच कचऱ्यात. अख्खा खाल्ला तर काट्यांचं कॅल्शियमही मिळतं. कार्पबरोबर मोला वाढवला तर कार्पचं उत्पन्न घटत नाही. २०२१चं वर्ल्ड फूड प्राइझ त्यांना याच कामासाठी मिळालं. टनांच्या तक्त्यात मोला आणि सामन एकाच मापाने मोजले जातात.

हिरवीलाट: शैवालातही पोषण असतं.

घाईत: ५१ घेतला, '२०२२, शैवाल वगळून' असं लिहून. मोलाचा परिच्छेद घालतोय, समुद्रावरच्या ताणाचं वाक्य उडवलं. शेवटचं: तक्त्याखाली 'जिवंत वजन' लिहू की 'ओलं वजन'?

आकडेमोडे: प्राण्यांना जिवंत, शैवालाला ओलं.