चटणीचा पुदिना आणि चहाचा पेपरमिंट एकाच कुंडीत?

प्रश्न: बाल्कनीत सकाळी तीनेक तास ऊन येतं. दोन्ही एका लांब कुंडीत लावले तर चालेल का? शिवाय जुडीतल्या काड्या पाण्यात ठेवल्या की काळ्या पडतात. का?

उत्तर १: एकत्र नको. पुदिना मातीखालून खोडं पसरवतो, जोरदार जात दुसरीला गिळते. प्रत्येकाला १० इंची पसरट कुंडी द्या. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). ४-५ इंचांची काडी पेराच्या लगेच खाली कापा, खालची पानं काढा. पान पाण्यात बुडालं की सडतं आणि काडीही नासवते. पाणी एक दिवसाआड बदला. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात.

उत्तर २: पेपरमिंटचं बी विकत घेऊ नका. तो दोन जातींचा वांझ संकर आहे, म्हणजे बी धरत नाही, त्यामुळे पाकिटातून दुसरंच काहीतरी उगवतं. काडीच लावा. चहाला तीन-चार पानं पुरेत. गॅस बंद करून घाला नि झाका, उकळलं तर वास उडतो. चटणीत मात्र पेपरमिंट नकोच, त्यातल्या थंडगार मेंथॉलमुळे टूथपेस्ट खाल्ल्यासारखं लागतं!

उत्तर १: राहिलंच. पानामागे नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. जमिनीलगत छाटा, छाटलेलं कंपोस्टात टाकू नका.