उबुंटूवर पोस्टग्रेस: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-३०४: ग्रुपवर कुणाला लिनक्स येतं का? घरच्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे. डीबीएमएसच्या (डेटाबेस विषयाच्या) प्रॅक्टिकलसाठी पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर टाकलं. इन्स्टॉल नीट झालं, पण आत जायला गेलं की "पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर यूजर पोस्टग्रेस" येतं. सोमवारी सबमिशन आहे 🙏

ए-१०२: पासवर्ड चुकत असेल. डिफॉल्ट काय असतो ते शोध.

बी-३०४: पासवर्ड विचारतच नाही दादा, थेट हाकलून देतं.

सी-५०१: सगळं काढून पुन्हा टाक.

बी-३०४: कालच तसं केलं काका, परत तेच. आणि स्टेटसमध्ये "अ‍ॅक्टिव्ह (एक्झिटेड)" दिसतंय. म्हणजे सर्व्हर बंदच पडलाय ना?

ऑफिस: टँकर ६ वाजता येतोय. गेटसमोरच्या गाड्या कृपया हलवा.

डी-२०३: पीजी-एचबीए फाइल (आत कुणाला कसं घ्यायचं ते ठरवणारी) उघड, पीअरच्या जागी ट्रस्ट लिही. दोन मिनिटांत होईल.

ई-७०३: बाळा, थांब. काढूही नकोस आणि ट्रस्टही लिहू नकोस. तुझं इन्स्टॉलेशन व्यवस्थित आहे.

आधी सर्व्हरचं सांगतो. "एक्झिटेड" बघून पुष्कळ जण घाबरतात. उबुंटूवर "पोस्टग्रेस्क्यूएल" नावाची सर्व्हिस नुसती वरची पाटी आहे. खरा सर्व्हर "पोस्टग्रेस्क्यूएल@१६-मेन" या नावाने चालतो. "पीजी_एलएसक्लस्टर्स" टाईप कर आणि काय येतं ते इथे टाक.

बी-३०४: १६, मेन, ५४३२, ऑनलाइन.

ई-७०३: झालं तर मग, सर्व्हर चालू आहे. पीअर म्हणजे पोस्टग्रेस पासवर्ड विचारत नाही, तू लिनक्समध्ये कोणत्या नावाने लॉगिन आहेस ते बघतो. तू स्वतःच्या नावाने बसलीयेस आणि "पोस्टग्रेस" म्हणून आत जायला बघतेयस. नावं जुळत नाहीत, म्हणून दार बंद. आणि ए-१०२, डिफॉल्ट पासवर्ड असा काही नसतोच.

असं कर, म्हणजे आधी तुझ्या नावाचा यूजर, मग डेटाबेस बनेल आणि आत जाता येईल:
सुडो -यू पोस्टग्रेस क्रिएटयूजर -डी (पुढे तुझं लिनक्सचं नाव)
मग नुसतं: क्रिएटडीबी (तेच नाव)
मग: पीएसक्यूएल

बी-३०४: पहिल्याच कमांडला "कुड नॉट चेंज डिरेक्टरी, परमिशन डिनाइड" आलं 😟

ई-७०३: ती नुसती सूचना आहे. तुझ्या होम फोल्डरमध्ये पोस्टग्रेस या यूजरला यायला परवानगी नाही, एवढंच ते सांगतंय. काम झालेलं असेल. पुढे जा.

बी-३०४: शिरले!! माझं नाव आणि पुढे बरोबर-मोठे असं चिन्ह दिसतंय.

ई-७०३: शाब्बास. त्या जागी हॅश दिसला असता तर तू सुपरयूजर, म्हणजे सगळे अधिकार असलेली, असतीस. प्रॅक्टिकलला त्याची गरज नाही.

डी-२०३: पण ट्रस्टने काय बिघडलं असतं? घरचाच तर लॅपटॉप आहे.

ई-७०३: त्या लॅपटॉपवर लॉगिन असलेला कुणीही, कुठल्याही नावाने, अगदी सुपरयूजर म्हणूनसुद्धा, पासवर्डशिवाय आत गेला असता. शिवाय एरर दिसली की कुलूपच काढून टाकायचं, ही सवय मुलांना पहिल्याच वर्षी लागू नये असं मला मनापासून वाटतं. उद्या हीच मुलं कुणाच्या तरी दवाखान्याचा किंवा बँकेचा डेटा सांभाळणार आहेत.

आणि सी-५०१, "रिमूव्ह" केल्याने सेटिंग आणि डेटा जागेवरच राहतो, म्हणून तिला परत तेच दिसलं. "पर्ज" केलं तर मात्र डेटाही पुसू का, असं विचारतं. तिथे घाईत होय म्हटलं की सगळी टेबलं गेली. एरर काय म्हणतेय ते आधी नीट वाचावं, काढाकाढी अगदी शेवटी.

सी-५०१: बरोबर आहे. लक्षात ठेवतो.

बी-३०४: काका, मॅडमनी डेटाबेस स्क्रीनवर हाताळायचं पीजीअ‍ॅडमिन वापरायला सांगितलंय. त्यात लोकलहोस्ट (म्हणजे हाच लॅपटॉप) घातलं तर ते पासवर्ड मागतंय.

ई-७०३: मागणारच. लोकलहोस्ट लिहिलं की कनेक्शन नेटवर्कच्या वाटेने, १२७.०.०.१ वरून जातं. त्या वाटेला त्याच फाइलमध्ये वेगळी ओळ आहे, तिथे पीअर नाही, स्क्रॅम आहे. म्हणजे पासवर्ड हवाच. पीएसक्यूएलमध्ये जाऊन बॅकस्लॅश लावून "पासवर्ड" लिही, नवा पासवर्ड दोनदा टाक, तोच पीजीअ‍ॅडमिनमध्ये दे. यूजरच्या जागी तुझं नाव, "पोस्टग्रेस" नाही.

बी-३०४: झालं काका! टेबलं पण दिसतायत. खूप खूप थँक्यू 🙏

बी-३०४ (आई): भाऊ, दोन दिवस नीट जेवली नव्हती ही. फार उपकार झाले.

ई-७०३: वहिनी, उपकार कसले. बाळा, सबमिशनच्या आदल्या रात्री "पीजी_डंप" ने तुझ्या डेटाबेसची एक फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेव. पुन्हा काही अडलं तर व्हार, लॉग, पोस्टग्रेस्क्यूएल या फोल्डरमधल्या १६-मेनच्या लॉगच्या शेवटच्या ओळी इथे टाक. स्क्रीनचा फोटो नको, ओळी कॉपी कर.