मदत हवी आहे: बल्बचा रोध नेमका कोणता धरायचा?

नमस्कार. १२ व्होल्ट, २१ वॅटचा फिलामेंटचा बल्ब बॅटरीवर लावून करंट मोजला, १.७५ अँपिअर आला. म्हणजे रोध १२ ÷ १.७५ = ६.८६ ओहम, पॉवर १२ × १.७५ = २१ वॅट. इथवर सगळं जुळतं.

मग बल्ब काढून, पूर्ण थंड झाल्यावर मल्टिमीटर लावला तर फक्त ०.७! दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवल्यावरच ०.२ दिसतात, ते वजा केले तरी ०.५ ओहमच. यावरून १२ × १२ ÷ ०.५ म्हणजे २८८ वॅट आणि २४ अँपिअर!

टंगस्टन तापल्यावर रोध वाढतो, हे माहीत आहे. पण स्विच आणि फ्यूज निवडताना मी १.७५ अँपिअर धरू की सुरुवातीचा तो २४ अँपिअरचा झटका? असे चार बल्ब एकाच स्विचवर लावायचे आहेत. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.