परदेशातील क्लिनिकल रोटेशनचा रेसिडेन्सीच्या अर्जाला उपयोग होतो का?

प्रश्न (अंतिम वर्ष, नाशिक):
अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (पदवीनंतरचे रुग्णालयातील तज्ज्ञ प्रशिक्षण) करण्याचा माझा विचार आहे. तेथे दोन महिन्यांचे रोटेशन (रुग्णालयातील कामाचा अल्पकालीन अनुभव) करावे, असे सीनियर सांगतात. परंतु त्याचा खर्च वडिलांच्या द्राक्षबागेच्या एका हंगामाला जड जाईल. तो करावा का? आणि उद्या इथेच पीजी करायचे ठरले तर?

उत्तर १:
उपयोग होतो, मात्र रोटेशन कोणत्या प्रकारचे आहे यावर तो अवलंबून असतो. विद्यार्थी असताना मिळणाऱ्या इलेक्टिव्हमध्ये देखरेखीखाली रुग्ण तपासता येतो, तर ऑब्झर्वरशिपमध्ये केवळ पाहायचे असते. पदवी हाती पडल्यावर इलेक्टिव्हची दारे बहुतेक ठिकाणी बंद होतात, म्हणून हीच वेळ योग्य आहे. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ चा (अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा) निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागत असल्याने, तुमचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या तेथील डॉक्टरांच्या शिफारसपत्राला अधिक महत्त्व आले आहे. एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चार पत्रे जोडता येतात. अर्ज सप्टेंबरमध्ये जातात, त्यामुळे पत्रे त्याआधी हाती हवीत. केवळ प्रमाणपत्रासाठी पैसे घेणाऱ्या दलालांपासून मात्र दूर राहावे.

उत्तर २:
भारतात पीजीचा प्रवेश नीट-पीजीच्या गुणवत्ताक्रमावर होतो. त्यात या रोटेशनला शून्य वजन आहे. अमेरिकेचा निर्णय पक्का नसेल, तर हा खर्च करू नये.

उत्तर ३:
वरील मताशी सहमत आहे. शिवाय स्टेप २ चे (त्याच परवाना परीक्षेच्या पुढच्या टप्प्याचे) गुण कमी असतील, तर उत्तम पत्रही फारसे तारत नाही. आधी अभ्यास, मग तिकीट.