घरी उघडून जोडलेल्या ४एल६०-ई गिअरबॉक्सला तिसरा आणि चौथा गिअर लागत नाही

कॅरोलायनाकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २००२ सालचा शेव्हर्ले सिल्व्हराडो १५०० हा ट्रक असून त्याला ५.३ लिटरचे व्ही-८ इंजिन आणि ४एल६०-ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही गिअर एकदमच गेल्यामुळे मी गिअरबॉक्स घरच्या गॅरेजमध्ये उतरवून पूर्ण उघडला. सन शेलच्या (मधल्या सन गिअरला जोडणाऱ्या धातूच्या कवचाच्या) आतल्या स्प्लाइन, म्हणजे खाचेचे दात, पार झिजून गेल्या होत्या. नवे, अधिक मजबूत शेल, सर्व क्लच प्लेटा, नवा बँड (ड्रमला आवळून थांबवणारा पट्टा) आणि सीलचा संपूर्ण संच घालून गिअरबॉक्स परत चढवला. टॉर्क कन्व्हर्टरही नवा आहे.

पहिला, दुसरा आणि रिव्हर्स आता उत्तम लागतात. मात्र पहिल्यांदा ट्रक बाहेर काढला तेव्हा दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिन क्षणभर मोकळे फिरत असे आणि मग गिअर पकडत असे. काही मैलांतच तेही थांबले. आता तिसऱ्याची वेळ आली की गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी वाटते, इंजिनचे आरपीएम नुसते वाढतात, आणि स्कॅनरवर पी०७५७ हा कोड दिसतो. इंजिन गरम असताना, पार्कमध्ये चालू ठेवून तेलाची पातळी तपासली असून ती योग्य आहे. सोलेनॉइड (गिअर बदलण्यासाठी तेलाची वाट उघडणारा-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) बदलावा की नवे शेलही गेले असे समजावे?

वायरिंगवाला

शेलचा विचार तूर्त सोडून द्यावा. शेल तुटले असते तर दुसरा आणि रिव्हर्स हे दोन्ही गेले असते, आणि ते तर आपल्याला मिळत आहेत. बँड सैल असता तरी दुसरा गिअर घसरला असता. तिसरा आणि चौथा हे दोनच गिअर जातात तेव्हा दोघांत समान असलेल्या भागाकडे, म्हणजे ३-४ क्लचकडे किंवा त्याला तेल पोचवणाऱ्या वाटेकडे, पाहावे लागते.

पी०७५७ या कोडवरून सोलेनॉइड विकत घेण्याची घाई अनेक जण करतात. या कोडचा अर्थ इतकाच की संगणकाने तिसरा गिअर मागितला, पण इंजिन आणि मागचा शाफ्ट यांच्या वेगांचे गुणोत्तर तिसऱ्याचे आले नाही. सोलेनॉइडच्या तारेत किंवा गुंडाळीत बिघाड असता तर पी०७५८ आला असता. क्लच घसरत असला तरीही पी०७५७ येऊ शकतो.

सोलेनॉइडचा संशय बिनखर्चात मिटवता येतो. या गिअरबॉक्समध्ये तिसऱ्या गिअरला दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बंद असतात, त्यामुळे केसवरचा मोठा गोल कनेक्टर काढून टाकला की वीज नसतानाही ड्राइव्हमध्ये तिसराच गिअर मागितला जातो आणि तेलाचा दाबही कमाल पातळीला जातो. मोकळ्या, सपाट जागेत थोडेसेच अंतर चालवून पाहावे. गाडी जड, मरगळल्यासारखी उठली तर क्लच पकडत आहे आणि दोष विजेचा किंवा सोलेनॉइडचा आहे. ती नेहमीसारखी चपळ उठली, तर बातमी वाईट आहे: ३-४ क्लच पकडला नाही की लो रोलर क्लच (एकाच दिशेने फिरू देणारा क्लच) आपोआप अडतो आणि प्रत्यक्षात पहिला गिअर मिळतो. हे कोडे अनुभवी मेकॅनिकलाही चकवते, कारण गाडी पुढे गेली म्हणजे तिसरा लागला असा समज होतो.

जुना फिटर

वरील चाचणी अगदी योग्य आहे. तिचा निकाल दुसऱ्या प्रकारचा आला, तर गिअरबॉक्स लगेच खाली उतरवू नये, कारण ३-४ क्लचचे तेल इतर ठिकाणीही गळू शकते आणि त्यांपैकी दोन जागा गाडीखालूनच तपासता येतात.

पहिली जागा म्हणजे २-४ सर्वो, म्हणजे बँड आवळणारा, तेलाच्या दाबावर चालणारा पिस्टन. तिसरा गिअर लागताना बँड सोडवण्यासाठी ३-४ क्लचच्या वाटेतलेच तेल सर्वोमध्ये जाते, म्हणून सर्वो पिस्टनची सील कापली गेली असेल तर क्लचचा दाब तिथे वाया जातो. सर्वोचे झाकण केसच्या उजव्या बाजूला स्नॅप रिंगने बसवलेले असते. एक्झॉस्टच्या पाइपामुळे हात पोचवणे त्रासाचे होते, पण गिअरबॉक्स न उतरवता ते काढता येते.

दुसरी जागा माझ्या मते अधिक संशयाची आहे. केसमध्ये व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेल वाटणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्याच्या) बाजूला थर्ड अॅक्युम्युलेटरची एक छोटी कॅप्सूल ठोकून बसवलेली असते आणि तिच्यात एक चेकबॉल, म्हणजे वाट बंद करणारी छोटी गोळी, असते. इतर गिअरमध्ये उरलेले तेल तिथून बाहेर पडावे आणि तिसऱ्याचा दाब येताच गोळी बसून ती वाट बंद व्हावी, अशी ही योजना आहे. गोळी किंवा तिची बैठक झिजली की वाट बंद होत नाही, ३-४ क्लचला अर्धवट दाब मिळतो, तो काही काळ घसरतो आणि मग जळतो. आपण वर्णन केलेला क्रम, म्हणजे आधी उशिरा पकडणे आणि काही मैलांनी पूर्ण जाणे, याच्याशी तंतोतंत जुळतो. बाजारातल्या सीलच्या संचात ही कॅप्सूल असतेच असे नाही.

पॅन, फिल्टर, व्हॉल्व्ह बॉडी आणि सेपरेटर प्लेट काढून ३-४ क्लचच्या छिद्रात साधारण ३० ते ४० पीएसआय दाबाची हवा सोडावी. सर्व ठीक असेल तर पिस्टन हलल्याचा दबका ठोका ऐकू येतो. नुसतीच फुसफुस ऐकू आली तर ती कुठून येते हे कान लावून शोधावे. प्लेट काढताना ३-४ अॅक्युम्युलेटरचा पिस्टन, स्प्रिंग आणि चेकबॉल खाली पडतात, म्हणून ट्रे ठेवावा आणि गोळ्यांच्या जागांचे छायाचित्र आधीच काढून ठेवावे.

कॅरोलायनाकर

दोघांचेही आभार. कनेक्टर काढल्यावर ट्रक अगदी पहिल्या गिअरसारखा चपळ उठला, म्हणजे सोलेनॉइड निर्दोष ठरला. सर्वोच्या सील शाबूत निघाल्या. हवा सोडली तेव्हा ठोका अस्पष्ट आला आणि फुसफुस थेट त्या कॅप्सूलपाशी ऐकू आली. कॅप्सूल काढून नवी ठोकून बसवल्यावर हवा गळायची थांबली असून ठोका आता स्पष्ट येतो. मात्र पॅनच्या तळाशी काळा, बारीक गाळ आहे आणि तेलाला जळका वास येतो. जोडून चालवून पाहावे का?

जुना फिटर

चालवू नये. तो गाळ ३-४ क्लचच्या प्लेटांचा आहे आणि जळलेल्या प्लेटा पूर्ण दाब मिळाला तरी पकड परत देत नाहीत. आता गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, पण काम इनपुट ड्रमपुरते (ज्यात ३-४ क्लच बसतो त्या ड्रमपुरते) मर्यादित राहील. ३-४ क्लचच्या सर्व प्लेटा बदलाव्यात आणि जोडणीनंतर त्यांतील मोकळीक साधारण ०.०३० ते ०.०५० इंच आहे ना, हे फीलर गेजने मोजावे. ड्रम बाहेर आलेलाच असेल, तेव्हा पिस्टनच्या सीलच्या कडा आणि इनपुट शाफ्टवरच्या चारही टेफ्लॉन रिंगा पाहून घ्याव्यात. चढवताना ताणलेल्या रिंगा मापात न आणता शाफ्ट आत सरकवला, तर त्या कापल्या जातात आणि तेल पुन्हा तिथूनच गळते.

वायरिंगवाला

एवढीच भर घालतो की रेडिएटरमधला कूलर आणि त्याच्या नळ्या दोन्ही दिशांनी फ्लश कराव्यात, आणि नवा कन्व्हर्टर काही मैलच चालला असला तरी त्यातले तेल पूर्ण काढावे. व्हॉल्व्ह बॉडी धुऊन प्रत्येक व्हॉल्व्ह बोटाने सहज सरकतो का तेही पाहावे, कारण क्लचचा चुरा प्रेशर कंट्रोल सोलेनॉइडच्या जाळीत अडकला की दाब पुन्हा अनियमित होतो. कोड पुसून मगच ट्रक रस्त्यावर काढावा.